युरोपियमची प्लेट लावण्याआधी

ही रक्तातली हार्मोन्स मोजायची प्लेट. तिच्या प्रत्येक खळग्यात, म्हणजे वेलमध्ये, युरोपियम या धातूचं लेबल लावलेलं द्रावण (ट्रेसर) घालतात आणि शेवटी त्याची चमक मोजतात. मे महिन्यात नागपुरात पहिली तयारी खोलीची. डेझर्ट कूलर बंद करा. तो बाहेरची धूळ आत ओढतो, मातीत युरोपियमचा अंश असतोच आणि शेवटी घालायचं एन्हान्समेंट सोल्युशन, म्हणजे युरोपियमची चमक वाढवणारं द्रावण, तोही उजळवतं. एसीवर खोली 20 ते 25 अंशांवर ठेवा. किट फ्रिजमधून काढून त्याच तापमानाला येऊ द्या. किटवर लिहिलेलं 'रूम टेम्परेचर' म्हणजे इथली दुपार नव्हे.

मग नळ्या तपासा. लाल किंवा पिवळ्या टोपणाचा सीरमचा नमुना घ्या, रक्त अर्धा तास गोठू द्या, मगच सेंट्रिफ्यूज करा; घाई केली तर फायब्रिनचे (गोठणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचे) धागे पिपेटच्या टिपमध्ये अडकतात. जांभळ्या टोपणाची नळी सरळ परत पाठवा. तिच्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) लेबलमधला युरोपियम ओढून घेतं आणि सिग्नल पडतो. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) सारख्या सँडविच तपासणीत, जिथे हार्मोन जास्त तशी चमक जास्त, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो; कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) सारख्या स्पर्धात्मक तपासणीत, जिथे हार्मोन जास्त तशी चमक कमी, खोटा जास्त. रिपोर्ट पाहून हे कुणालाच कळत नाही, म्हणून नळी दारातच अडवायची.

वॉश बफर (वेल धुण्याचं द्रावण) 25 पट तीव्र असेल तर 40 मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्याने 1 लिटर करा. वॉशरच्या सगळ्या सुया वाहतात ना, हे रिकाम्या प्लेटवर पाहा. एक सुई तुंबली की तिच्या वाट्याचे सगळे वेल बिघडतात.

ट्रेसरसाठी पिपेट वेगळं, भांडं प्लास्टिकचं आणि एकदाच वापरायचं. एन्हान्समेंट सोल्युशनला त्या पिपेटचा स्पर्शही नको, आणि उरलेलं सोल्युशन बाटलीत परत ओतायचं नाही. थेंबभर ट्रेसर गेला तर अख्खी बाटली वाया. वेलमध्ये 200 मायक्रोलिटर घाला, टिप काठाला न लावता, आणि 5 मिनिटं हळू हलवा.

रीडर (चमक मोजणारं यंत्र) 340 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजन देतो, 400 मायक्रोसेकंद थांबतो, मग 615 ला मोजतो. तेवढ्यात सीरमची आणि प्लास्टिकची स्वतःची चमक विझलेली असते. युरोपियम मात्र उजळत राहतो. सेटिंगमध्ये हा थांबा आहे ना, ते बघून घ्या. स्टँडर्ड (प्रमाण ठाऊक असलेले नमुने) आणि कंट्रोल (पडताळणीचे नमुने) जोडीने, म्हणजे प्रत्येकी दोन वेलमध्ये, लावा. शून्य स्टँडर्डच्या (हार्मोन नसलेल्या नमुन्याच्या) जोडीतल्या एकाच वेलची चमक चढली तर कारण धूळ किंवा काठाला लागलेली टिप. सँडविच तपासणीत सगळेच चढले तर धुणं कमी पडलंय, नाहीतर बाटलीत ट्रेसर गेलाय. नुसतं सोल्युशन कोऱ्या पट्टीत वाचा, त्यावरून दोन्हींतलं कोणतं ते समजेल.