एकसारख्या दिसणाऱ्या पांढरट रंगांतून भिंतीची शेड कशी निवडावी

घराला रंग काढायचा ठरला की निळा हवा की हिरवा, हा वाद फार वेळ चालत नाही. घरातली माणसे खरी अडतात ती मोतिया, हस्तिदंती, बदामी, दुधी आणि फिकट राखाडी अशा एकमेकांच्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या शेड्सपाशी. आमच्या हॉलसाठी दुकानात दोन मोतिया शेड्स ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी धरल्या, तेव्हा त्यांतला फरक चौघांपैकी एकालाही सांगता आला नाही. नमुने घरी आणून संध्याकाळी पाचच्या सुमारास खिडकीशेजारी टेकवले, तेव्हा मात्र त्यांतली एक जखमेवर लावायच्या चिकटपट्टीसारखी गुलाबट दिसू लागली आणि दुसरी होती तशीच शांत राहिली. कार्ड तेच होते. प्रकाश आणि खालची फरशी तेवढी बदलली होती.

या शेड्समध्ये मूळ रंगापेक्षा त्यांच्या पोटातली झाक महत्त्वाची असते. प्रत्येक पांढरट रंगात पिवळी, गुलाबी, हिरवी किंवा निळसर अशी काहीतरी झाक दडलेली असते आणि एकट्या तुकड्याकडे पाहून ती सहसा कळत नाही. ती ओळखण्याचा सोपा मार्ग असा, की शेड ज्या पट्टीवर छापलेली आहे तिच्यावरच्या सर्वांत गडद चौकोनाकडे पाहावे. अनेक कार्डांत एकाच पट्टीवर एकाच कुळातले रंग फिके ते गडद असे लावलेले असतात, त्यामुळे वरच्या फिक्या चौकोनात लपलेला गुलाबीपणा खालच्या चौकोनात उघडा पडतो. दुसरा मार्ग म्हणजे तीन-चार शेड्स एकमेकींना चिकटवून पाहणे. पुष्कळ जण तुलनेसाठी झेरॉक्सचा कोरा कागद घेतात, पण त्यात चकाकीसाठी रसायन घातलेले असल्याने तो मुळातच निळसर पांढरा असतो आणि त्याच्याशेजारी प्रत्येक शेड आहे त्याहून पिवळी वाटते. त्यापेक्षा छताला जो पांढरा रंग द्यायचा आहे, तोच एखाद्या पुठ्ठ्यावर लावून तुलनेला घ्यावा. नाहीतरी भिंत जन्मभर त्याच्याच शेजारी राहणार आहे.

यानंतर घरातल्या न बदलणाऱ्या वस्तूंकडे वळावे. भिंतीचा रंग पाच-सहा वर्षांनी बदलेल. फरशी, ओट्याचा दगड आणि दरवाजे मात्र सहजी बदलत नाहीत, म्हणून रंगानेच त्यांच्याशी जुळवून घ्यायचे असते. कोटा फरशीत हिरवट-राखाडी झाक असते. तिच्यावर गुलाबट बदामी भिंत आली की दोन्ही रंग एकमेकांना उठाव देतात, फरशी अधिक हिरवी आणि भिंत अधिक गुलाबी दिसते. अशा घरात किंचित हिरवट किंवा राखाडीकडे झुकणारा पांढरा रंग अधिक निभावतो. अलीकडच्या इमारतींत सर्रास दिसणाऱ्या क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्सची अडचण उलट असते. त्यांच्यापुढे निळसर राखाडी भिंत थंड वाटते आणि शिवाय टाइल्सच मळक्या, पिवळट पडल्यासारख्या दिसतात. घरात जास्तीची टाइल उरली असेल तर ती दुकानात सोबत न्यावी. दुकानदार हसला तरी चालेल.

प्रकाशाचा विचार खोलीगणिक करावा लागतो. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड बहुतेक वेळ आकाशाचा, म्हणजे निळसर असतो आणि त्यात राखाडी शेड उदास दिसते, तर पिवळसर झाकेची शेड सावरते. पुणे-मुंबईच्या अक्षांशांवर मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकतो, तेवढ्या काळापुरता या खोल्यांना थोडे थेट ऊन मिळते. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी आपोआपच पिवळे ऊन भरते, तेव्हा तिथे आणखी पिवळी शेड नको. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर त्याची हिरवी छाया भिंतीवर उतरते, ही गोष्ट हटकून विसरली जाते.

दिव्यांचा परिणाम याहून मोठा असतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्यूबलाइट आणि एलईडी दिवे 6500 केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे असतात. 3000 केल्विनचा पिवळसर दिवा लावला की तीच भिंत वेगळ्या घरातली वाटते. म्हणून आधी दिवे ठरवावेत आणि मगच शेड. दिवसा जुळे वाटणारे दोन रंग रात्री वेगळे का दिसतात, याचे कारण असे की त्यांत वेगवेगळी रंगद्रव्ये असतात आणि विशिष्ट प्रकाशापुरताच त्यांचा मेळ जमलेला असतो. नव्या भिंतीचा रंग जुन्या पडद्याशी किंवा कपाटाशी जुळवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दोन-तीन शेड्स उरल्या की त्यांचे छोटे डबे आणावेत, पण नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नये. आधीच्या पिस्ता रंगाच्या शेजारी कुठलाही पांढरट रंग गुलाबी वाटतो आणि त्यावरून चुकीचा निकाल दिला जातो. त्याऐवजी साधारण दोन फूट लांब-रुंद पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड घ्यावा, त्यावर प्रायमर देऊन शेडचे दोन हात द्यावेत आणि कडेने दोन-तीन इंच पांढरी जागा सोडावी. इमल्शन, म्हणजे भिंतींना लावायचा पाण्यात मिसळणारा रंग, ओले असताना फिके असते आणि सुकल्यावर किंचित गडद होते, त्यामुळे त्याच दिवशी निर्णयाची घाई करू नये. बोर्ड जमिनीवर आडवा न ठेवता भिंतीला उभा टेकवावा, सोफ्यामागे, दरवाजाशेजारी, खिडकीसमोर असा फिरवावा आणि सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दिव्याखाली पाहावा. एकाच शेडचे दोन बोर्ड कोपऱ्यात काटकोनात उभे केले तर आणखी एक गोष्ट कळते: भिंती एकमेकींवर रंग परावर्तित करतात आणि कोपऱ्यात शेड गडद होते. चारही भिंती रंगवल्यावर संपूर्ण खोलीत हेच घडते. म्हणूनच कार्डावर जरा मळकट वाटणारी शेड भिंतीवर स्वच्छ दिसते आणि कार्डावर गोड वाटलेली क्रीम भिंतीवर पिवळीजर्द होते. आमच्या हॉलला शेवटी लागली ती मळकटच.

काही कंपन्या शेडसोबत प्रकाश परावर्तनाचा आकडा देतात. तो 0 ते 100 या मापावर असतो. अंधाऱ्या बोळकांडीसाठी जास्त आकड्याची शेड घ्यावी, एवढाच त्याचा उपयोग. झाकेबद्दल तो काहीच सांगत नाही.

चकाकीचा निर्णय मात्र शेडच्याच वेळी घ्यावा, कारण एकच कोड, म्हणजे कंपनीने शेडला दिलेला क्रमांक, मॅटमध्ये (चकाकी नसलेल्या रंगात) आणि चकाकीच्या इमल्शनमध्ये वेगळा दिसतो. चकाकी असलेली भिंत पुसायला सोपी, पण पुट्टीचा प्रत्येक उंचवटा तिरप्या उजेडात दाखवणारी. पेंटरचा हात सफाईदार नसेल तर मॅट बरा.

खरेदी करताना एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या रंगात मशीनवर ‘मॅच’ करून घेण्याचा मोह टाळावा. गडद रंगात खपून जाणारा फरक पांढरट रंगात लगेच डोळ्यांत भरतो. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्यावा आणि डबे अनेक असतील तर सुरू करण्यापूर्वी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत. उरलेला अर्धा-एक लिटर झाकण घट्ट लावून ठेवावा आणि डब्यावर खोलीचे नाव, कोड, बॅच व तारीख लिहावी. दोन-तीन वर्षांनी एखादा डाग झाकायची वेळ आली, तर मध्येच ठिगळ न लावता ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी, कारण तोवर भिंतीवरची शेड डब्यातल्या शेडपासून थोडी दूर गेलेली असते.