घरातल्या खेळांतून मिळून-मिसळून वागायला शिकवताना

दोन वर्षांचं मूल खेळणं देत नाही म्हणून त्याला हट्टी ठरवू नका. या वयात मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली खेळाचे जे टप्पे मांडले, त्यात हा टप्पा मिळून खेळण्याच्या आधी येतो. तेव्हा 'शेअर कर' म्हणत मागे लागण्यापेक्षा थांबण्याचा सराव द्या.

त्यासाठी चेंडू पुरतो. समोरासमोर पाय पसरून बसा. चेंडू सोडण्याआधी क्षणभर हातातच धरा. मुलाने तुमच्या तोंडाकडे बघितलं की 'आता तुझा' म्हणून घरंगळत सोडा. हे जमलं की तिसऱ्या माणसाला घ्या. थांबणं एकदम वाढतं आणि खरी कसरत इथेच सुरू होते. पुढे आठ-दहा ठोकळ्यांचा मनोरा: एक तू, एक मी. मूल मध्येच घुसत असेल तर त्याचा हात धरू नका. सगळे ठोकळे आपल्या मांडीवर घ्या आणि ज्याचा नंबर, त्यालाच एक द्या.

तिसऱ्या वर्षानंतर भातुकली आणि डॉक्टर-डॉक्टर. इथे मोठ्यांनी दुय्यम भूमिका घ्यावी आणि शिकवायचं ते भूमिकेत राहूनच शिकवावं. 'पेशंटला आधी विचारायचं असतं' असं समजावलं की खेळ संपला. त्याऐवजी कण्हत म्हणा, 'डॉक्टर, कुठे दुखतंय ते विचारलंच नाहीत!' थोड्या वेळाने भूमिका बदला.

लपाछपीत तीन वर्षांचं मूल पुन्हा पुन्हा त्याच पडद्यामागे लपतं, वर 'मी इथे आहे' असं सांगतंही. हसू नका. समोरच्याला आपल्यापेक्षा वेगळं माहीत असू शकतं, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास नीट उमजू लागतं.

हरणं हा सगळ्यात अवघड भाग. सुरुवात फाशांच्या खेळाने करा, कारण त्यात हरणं म्हणजे आपल्याला काही येत नाही असं होत नाही. शंभर घरांची सापशिडी लहानांना फार लांबते; कागदावर वीस-पंचवीस घरं आखा, डाव पाच-दहा मिनिटांत आटोपतो. मुद्दाम दर वेळी हरू नका, नाहीतर सराव होणार कधी? स्वतः हरलात की मोठ्याने म्हणा, 'हरलो. वाईट वाटलं. चला, पुन्हा मांडू.' मुलाने पट उधळला तर डाव तिथेच थांबवा. शांत झाल्यावर सोंगट्या दोघांनी मिळून उचला. लगेच नवा डाव मांडलात, तर उधळण्याचा फायदाच होतो.

मित्राला घरी बोलवायचं तर आधी एकालाच. तिघांत बहुधा दोघांची जोडी जमते आणि एक रडत तुमच्याकडे येतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना तासभर पुरे. कुणालाच द्यायचं नाही असं एखादं लाडकं खेळणं मुलालाच निवडू द्या आणि पाहुणा येण्याआधी कपाटात ठेवा. बाकी खडू, गाड्या, चेंडू शक्यतो दोन-दोन असावेत.

भांडण लागलं की लगेच धावू नका. मारामारी मात्र तत्काळ थांबवा. मग जवळ बसून दिसतंय तेवढंच बोला: 'गाडी एक, हवी दोघांना. काय करायचं?' 'सुरुवात कुणी केली?' हा प्रश्न टाळा, त्याने फक्त वकिली वाढते. बळजबरीच्या 'सॉरी'चंही तसंच. तो शब्द तेवढा तोंडातून बाहेर पडतो. 'त्याला लागलंय, काय आणूया?' असं विचारलं की मूल रुमाल किंवा पाणी घेऊन येतं.

बुजऱ्या मुलाला ढकलू नका. पत्ते वाटायचं किंवा गुण लिहायचं काम द्या. हातात काम असलं की ते आपोआप जवळ सरकतं.

खेळ रंगात असतानाच थांबवा आणि आधी सूचना द्या. 'पाच मिनिटं राहिली' हे लहानांना कळत नाही. 'अजून दोन डाव' कळतं.