गोठ्याचा वास जिवाणूंकडून कसा घालवावा

कोल्हापुरात भर पेठेत गोठे आहेत. म्हशी कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची इथली जुनी रीत, त्यामुळे गोठा आणि शेजाऱ्याचं स्वयंपाकघर भिंतीला भिंत लावून असतात. पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडलं नाही की वासावरून कुरबुर ठरलेली. आमच्या दारात चार म्हशी. एका श्रावणात वास मारायचा म्हणून मी गोठ्यात चुना फक्की टाकली, तर अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हशीही फुरफुरायला लागल्या.

असं का झालं, ते आधी समजून घ्या. मुतात युरिया असतो आणि शेणातल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर, म्हणजे युरिया फोडणारं एन्झाइम, असतं. दोन्ही एकत्र आली की युरियाचा अमोनिया होतो. ओलीत आम्लता असेल तर तो तिथेच विरघळून राहतो. चुन्यानं अल्कता वाढते आणि तोच अमोनिया वायू होऊन उठतो. कुजक्या अंड्यासारखा वास मात्र हायड्रोजन सल्फाइडचा. जिथे हवा पोचत नाही, त्या चिखलात तो तयार होतो. फिनेलनं हे वास झाकले जातात, पण ते खाऊन टाकणारे जिवाणूही मरतात. म्हणून रोज फिनेल ओतणं थांबवा. गोठ्यात रोगराई असेल आणि डॉक्टरांनी जंतुनाशक सांगितलं असेल तर ते जरूर वापरा. जिवाणूंचं काम त्यानंतर नव्यानं सुरू करता येतं.

सुरुवात जमिनीपासून. साधारण 40 फुटांना 1 फूट उतार ठेवा, म्हणजे मूत मोरीतून टाकीत जाईल आणि शेण वेगळं उचलता येईल. ही दोन्ही जितकी कमी वेळ एकत्र राहतील तितका अमोनिया कमी. एवढं केलं नाही तर पुढचं सगळं निम्मंच उपयोगी पडेल.

आता विरजण. 20 लिटर पाण्यात 1 किलो गूळ विरघळवा आणि 2 लिटर आंबट ताक घाला. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. गूळ काळसर घ्या. पिवळाधमक दिसावा म्हणून ज्यात हायड्रॉस पावडर घालतात, तो जिवाणूंना मानवत नाही. बॅरलचं झाकण सैल ठेवा, आत वायू धरतो. रोज सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. पाच ते सात दिवसांत आंबूस, गोडसर वास आला की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू तयार झाले. सडका वास आला तर ओतून द्या, मोह करू नका.

गोठा धुऊन पाणी निथळलं की 1 लिटर विरजणात 20 लिटर पाणी मिसळून झारीनं जमिनीवर आणि मोरीत शिंपडा. पहिले पंधरा दिवस रोज, नंतर एक दिवसाआड. त्यावर उसाचं बारीक केलेलं पाचट पसरा आणि भिजलेलं रोज उचलून उकिरड्यावर न्या. पाचट ओल शोषतं, शिवाय त्यातला कर्ब जिवाणूंना खायला मिळतो. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, ते फडात पेटवून देण्यापेक्षा गोठ्यात आणा.

मुताच्या टाकीवर मात्र मी सगळ्यात जास्त भर देईन. तोंडावर मजबूत लोखंडी जाळी घट्ट बसवा आणि त्यावर कुजलेलं शेणखत व पाचट निम्मं-निम्मं मिसळून फूटभर थर द्या. टाकीतून वर येणारा वायू या थरातून गाळून जातो. नायट्रोसोमोनास जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट, आणि थायोबॅसिलस हायड्रोजन सल्फाइडचं सल्फेट करतात. या सगळ्यांना हवा आणि ओल दोन्ही लागतं. थरातलं मूठभर घेऊन दाबा: गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. कोरडं वाटलं तर शिंपडा, पावसाळ्यात वर पत्रा धरा, दाबून बसलं तर फावड्यानं मोकळं करा. हे जिवाणू सावकाश वाढतात, तीन-चार आठवडे धीर धरा.

टाकी उपसताना आत कधीही उतरू नका आणि ढवळताना तोंडाशी वाकू नका. साचलेला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं, आणि माणूस जागच्या जागी कोसळतो.

साधारण वर्षभरात तो थर काळा, भुसभुशीत होतो. मग काढून उसाच्या सरीत टाका आणि जाळीवर नवा भरा. जुन्यातली दोन घमेली नव्यात मिसळा, म्हणजे जिवाणूंचं बी तयारच मिळतं.