ऑनलाइन गेमचा यूआय करताय? कर्सरखालची लिस्ट हलू देऊ नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

मोठ्या ऑनलाइन गेमचा यूआय (म्हणजे प्लेअरला स्क्रीनवर दिसणारी बटणं, लिस्ट, विंडो) करायला बसलं की पहिल्यांदा वाटतं अडचण जागेची आहे, कारण स्क्रीन एवढीशी आणि दाखवायचंय काय काय, हेल्थ, कूलडाऊन (स्किल परत वापरता येईपर्यंतचा वेळ), मिनीमॅप, चॅट, पार्टी (सोबत खेळणारा गट), क्वेस्ट (गेमने दिलेली कामगिरी), बॅग, मार्केट. पण मी जेवढे स्क्रीन केलेत आणि प्लेअरच्या शेजारी बसून जेवढा खेळ बघितलाय त्यावरून सांगते, जागा कशीतरी पुरते, पुरत नाही ते प्लेअरचं लक्ष. त्यामुळे कुठलीही गोष्ट स्क्रीनवर टाकायच्या आधी एकच विचारा, पुढच्या दोन सेकंदात प्लेअरला काय ठरवायचंय आणि ही गोष्ट त्यात कामाची आहे का.

सगळ्यात वाईट चूक आधी सांगते, कारण ती आम्ही स्वतः केलीये. आमच्या एका गेममध्ये आसपासच्या सगळ्या प्लेअर्सची लिस्ट होती, अंतराप्रमाणे लाइव्ह सॉर्ट होणारी. ऑफिसात चार-पाच जण टेस्ट करायचो तेव्हा काहीच त्रास नव्हता, मग चाळीस जणांची लढाई लावली आणि एक टेस्टर खेळायला बसली. तिने तिसऱ्या ओळीवर कर्सर नेला, क्लिक करणार तेवढ्यात कोणीतरी दोन पावलं पुढे आलं, लिस्ट सरकली आणि तिचा स्टन (शत्रूला थोडा वेळ जागीच गोठवणारा वार) भलत्याच माणसावर पडला, समोरचा हीलर (साथीदारांची हेल्थ भरणारा) सुटला, पार्टी मेली. ती आम्हाला म्हणाली, "सॉरी, माझं चुकलं." ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं, चूक पूर्ण आमची होती.

यावर उपाय अवघड नाहीये. कर्सर लिस्टच्या आत आला की सॉर्टिंग थांबवा, नवीन नाव आलं तर खाली जोडा, कोणी मेलं किंवा लांब गेलं तर ओळ फिकट करा पण जागेवर ठेवा, आणि कर्सर बाहेर गेला की मग सगळं नीट लावा. ईव्ह ऑनलाइन खेळलेल्यांना ओव्हरव्ह्यू, म्हणजे आसपासच्या जहाजांची लिस्ट, माहिती असेल, तिथे कंट्रोल दाबून धरलं की लिस्ट गोठते, ते याचसाठी. तुमच्या गेममध्ये हा रोग आहे का हे शोधायचं असेल तर प्रत्येक क्लिकला दोन गोष्टी लॉग करा, आत्ता कर्सरखाली कोण आहे आणि २५० मिलीसेकंद आधी कोण होतं. डोळ्याने बघून बोट हलायला साधारण २०० ते २५० मिलीसेकंद लागतात, म्हणजे ही दोन नावं वेगळी आली तर प्लेअरला बहुतेक आधीचंच हवं होतं. आम्ही हे लॉग काढल्यावर मीटिंगमधला वादच संपला.

दुसरी चूक म्हणजे बटणाने सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत गप्प बसणं. प्लेअर "विकत घ्या" दाबतो, काहीच होत नाही, परत दाबतो, आणि मग एकच तलवार दोनदा विकत घेतली जाते. फायनल फँटसी १४ पहिल्यांदा २०१० ला आला तेव्हा सुस्त मेन्यू ही लोकांची मोठी तक्रार होती, तक्रारी अर्थात बाकीच्याही बऱ्याच होत्या, पण शेवटी ती आवृत्ती २०१२ मध्ये बंद करून २०१३ मध्ये गेम नव्याने आणावा लागला. साधारण ०.१ सेकंदाच्या आत काहीतरी हललं तर माणसाला वाटतं "हे मी केलं", त्यामुळे दाबल्या दाबल्या बटण आत गेलं पाहिजे, आवाज आला पाहिजे आणि "चालू आहे" असं दिसलं पाहिजे, हे सगळं प्लेअरच्या मशीनवरच करा, त्यासाठी सर्व्हर लागत नाही. फक्त पैसे गेले, वस्तू आली असं सर्व्हरने हो म्हटल्याशिवाय दाखवू नका, आणि एका खरेदीला एकच रिक्वेस्ट आयडी (त्या विनंतीचा ओळख क्रमांक) द्या म्हणजे तीच रिक्वेस्ट दोनदा पोचली तरी सर्व्हर दुसरी सोडून देईल. नाही जमलं तर कारण सांगा. "काहीतरी चुकलं" हे कारण नाही, "ही वस्तू आत्ताच दुसऱ्याने घेतली" हे कारण आहे.

ट्रेड विंडोचं पण बघा. समोरचा चांगली वस्तू ठेवतो, तुम्ही ॲक्सेप्ट दाबणार तेवढ्यात ती काढून तशाच आयकॉनची फालतू वस्तू ठेवतो, ही फसवणूक ऑनलाइन गेम्समध्ये पार जुनी आहे. रूनस्केपमध्ये म्हणूनच ट्रेडला दुसरा कन्फर्म स्क्रीन आहे. तुम्ही कमीत कमी एवढं करा की कुठल्याही बाजूने काही बदललं की दोघांचं ॲक्सेप्ट रद्द, बदललेल्या खान्यावर ठळक खूण, आणि बटण दोन-तीन सेकंद बंद. पण म्हणून सगळीकडे "नक्की का?" विचारत सुटू नका हां, दहाव्यांदा विचारलं की हात न वाचताच "हो" वर जातो आणि अकराव्या वेळी खरंच महागाची वस्तू जाते. साध्या गोष्टींना परत घ्यायची सोय द्या, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दुकानदाराला चुकून विकलेलं बायबॅकमधून परत घेता येतं तसं.

रंग. नुसत्या लाल-हिरव्यावर काहीही सोडू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण ८ टक्के लोकांना रंग ओळखायला त्रास असतो, म्हणजे अशा वीस पुरुषांच्या रेडमध्ये (बरेच जण मिळून लढायची मोठी लढाई) एखाद-दुसरा असायची बरीच शक्यता आहे. जमिनीवरचं धोक्याचं वर्तुळ दातेरी करा, हीलचं गुळगुळीत ठेवा. स्क्रीनशॉट काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, मरायचं कुठे आणि वाचायचं कुठे हे तरीही कळलं तर ठीक.

फॉन्टचं थोडक्यात सांगते, १०८० पिक्सेलच्या स्क्रीनला पीसीवर १८ आणि टीव्हीवर २६ पिक्सेलच्या खाली जाऊ नका. आणि देवनागरी देणार असाल तर ओळीची उंची वाढवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात, आणि मजकूर इंजिनात टाकून डोळ्याने वाचा, काही ठिकाणी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात.

आता एक पळवाट, जी सगळ्यांनाच आवडते: "प्लेअर स्वतः लावून घेईल ना हवं तसं." कस्टमायझेशन द्याच, पण डीफॉल्ट खराब ठेवून नाही, कारण नवा माणूस सेटिंग उघडायच्या आधीच गेम सोडून जातो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००४ पासून ॲडऑन (प्लेअर्सनीच बनवलेल्या यूआयच्या जोडण्या) चालतात, आणि क्वेस्ट कुठे आहे ते नकाशावर दाखवणारी ॲडऑन लोक इतकी वापरायला लागले की २००९ च्या ३.३ पॅचमध्ये ती सोय गेममध्येच आली, एचयूडी (खेळताना स्क्रीनवर कायम दिसणारे हेल्थ, मिनीमॅप वगैरे) हलवायची सोय मात्र थेट २०२२ ला. मला यातून हेच दिसतं की लोक काय इन्स्टॉल करतात, कुठली विंडो कुठे ओढतात, काय बंद करतात हे बघत राहा. आमच्या गेममध्ये अनुभवी प्लेअर पार्टीची हेल्थ कोपऱ्यातून ओढून कॅरॅक्टरच्या जवळ आणत होते, कारण लढताना नजर तिथेच असते. आम्ही ती जागाच डीफॉल्ट केली आणि हीलर करणाऱ्या नव्या लोकांची "मला दिसलंच नाही" ही तक्रार बरीच कमी झाली.

जाता जाता दोन छोट्या गोष्टी, रिलीजच्या आदल्या दिवशी हमखास सापडतात म्हणून आजच तपासा. चॅटमध्ये टाइप करताना एकही स्किल सुटता कामा नये, आणि बॉसने (मोठ्या शत्रूने) चॅटची विंडो उघडी असताना मारलं तरी चॅटचा फोकस अडकून राहता कामा नये, म्हणजे पुढची बटणं चॅटमध्येच जाता कामा नयेत. एस्केप दाबलं की सगळ्यात शेवटी उघडलेली विंडोच बंद झाली पाहिजे, प्रत्येक स्क्रीनवर तसंच, आणि काहीच उघडं नसेल तेव्हाच मेन मेन्यू.