भट्टीला शिव्या देण्याआधी: सिरॅमिकच्या कामात या चुका टाळा

भट्टी उघडली आणि आत तुकडे दिसले की पहिल्या शिव्या भट्टीलाच. बेळगावजवळच्या खानापूर पट्ट्यात स्टुडिओ चालवताना मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पुढे वहीत नोंदी ठेवायला लागले, तेव्हा कळलं की बहुतेक भांडी भट्टी पेटण्याच्या आठवडाभर आधीच बिघडलेली असतात.

सगळ्यांत महाग पडते ती पावसाळ्यातली घाई. आमच्याकडे, जांबोटीच्या बाजूला तर विशेष, श्रावणात घराच्या भिंतींनाही ओल धरते. तिथं मातीची वाटी कुठून वाळणार? वरून पांढरी दिसते, बुडात पाणी असतं. गोव्याची एक ऑर्डर गाठायला मी अशाच वाट्या भट्टीत भरल्या आणि आच भराभर चढवली. शंभर अंशांच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ झाली, जाड बुडाच्या वाट्या फुटल्या आणि त्यांच्या कपच्यांनी शेजारच्याही गेल्या. शेजारचे कुंभारमामा म्हणाले, "गालाला लावून बघायचं की गं. थंड लागलं तर पाणी हाय आत." ही परीक्षा फुकटची आहे, रोज करा. शंका असेल तर भट्टी 80–90 अंशांवर काही तास धरा, झाकण किंचित उघडं ठेवून.

पुढेही 600 पर्यंत दमानंच जा. मातीत रसायनानं बांधलेलं पाणी याच टप्प्यात निघतं, आणि 573 अंशांवर मातीतला क्वार्ट्झ (गारेचे, वाळूचे कण) एकाएकी फुगतो. निवताना तोच तितक्याच एकाएकी आकसतो. म्हणून उत्सुकतेपोटी गरम भट्टीचं झाकण उचलू नका. 'टिंग' असा आवाज आला की समजा, एक कप गेला.

दुसरी चूक आपल्या मातीच्या अभिमानातून होते. खानापूरला कौलांची, माठांची परंपरा आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही इथेच आहे. पण माठाला चांगली म्हणून हीच लाल माती 1200 अंशांच्या स्टोनवेअरला, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या दगडासारख्या घट्ट भांड्यांना, चालेल असं नाही. लोह जास्त असलेली माती त्या आचेला फुगते, बसते, कधी वितळून शेल्फला, म्हणजे भट्टीतल्या फळीला, चिकटते. नवी माती आणली की आधी छोटी वडी करून जुन्या बशीवर ठेवून भाजा. पूर्वेकडची, बैलहोंगल बाजूची काळी माती मिसळणार असाल तर बारीक चाळणीतून गाळा. तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतला दमटपणा पिऊन फुगतो. भांडं विकून आठ दिवस झाल्यावर त्याचा टवका उडतो आणि खाली पांढरा ठिपका दिसतो. गिऱ्हाईक फोन करतं ते नेमकं तेव्हा.

बुडाला एस अक्षरासारखी चीर पडते का? चाकावर बूड दाबून घट्ट करायचं राहिलंय. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, जागोजागी आकसून उघडी माती दिसते? ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीनंतर धूळ पुसली नाही, किंवा तेलकट हात लागला. ग्लेझ लावण्याआधी भांड्याच्या बुडाला मेण लावायचा कंटाळा केला तर ग्लेझ शेल्फला चिकटतं, मग छिन्नी घेऊन शेल्फ खरवडत बसा.

कपावर जाळीसारख्या बारीक चिरा आल्या तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय. ग्लेझमध्ये सिलिका (गारेची बारीक पूड) थोडी थोडी वाढवून बघा. शोभेच्या फुलदाणीला ही जाळी खपेल, चहाच्या कपाला नाही. डाग आत शिरतात आणि निघत नाहीत.

भाजणी चालू असताना लाइट गेली तर झाकणाला हात लावू नका. वेळ लिहा, तापमान लिहा. आणि किंमत ठरवताना फुटलेले नगही हिशेबात धरा. हे मला सगळ्यांत उशिरा सुचलं. चोर्ला घाटातून गोव्याला माल पाठवायचा तर घाटात फुटेल तेवढंही धरा.

माझ्या वहीला कुंभारमामा अजून हसतात. परवा मात्र स्वतःच येऊन टेकले आणि म्हणाले, "गेल्या श्रावणात तुझी ती मोठी परात किती दिवस वाळत होती, बघ की जरा."