चरबी औषधाने उतरली की उपासाने?

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं हळदीचा नाहीतर कुटकीचा अर्क घेऊन येतात. "मॅडम, फॅटी लिव्हरवर प्रयोग करू?" करा. आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग उंदीर.

मागणीपत्रात नुसतं 'ब्लॅक सिक्स' (प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदरांचं बोलीतलं नाव) लिहू नका, पोटजातही लिहा. सी५७बीएल/६जे या उंदरांत एनएनटी जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियातलं ग्लुटाथिऑन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, सांभाळणारी यंत्रणा मुळातच लंगडी. सी५७बीएल/६एन या दुसऱ्या पोटजातीत ते जनुक शाबूत असतं. तपासताय अँटिऑक्सिडंट, तेव्हा दोन्हींची सरमिसळ नको.

६० टक्के कॅलरी चरबीतून देणारं खाद्य फ्रीजरमध्ये ठेवा, पिंजऱ्यातलं दर दोन-तीन दिवसांनी बदला. खवट झालं तर तोच वेगळा प्रयोग होतो. औषध पहिल्या दिवसापासून दिलंत तर तो प्रतिबंध, उपचार नव्हे. आधी १२ आठवडे खाऊ घाला, दोन-तीन यकृतं काढून चरबी साचल्याची खात्री करा, मग चिठ्ठ्या टाकून गट पाडा. खाद्य तेच चालू ठेवा.

आता माझी फजिती. पहिल्या प्रयोगात मी अर्क खाद्यातच कालवला होता. यकृतं अशी छान निघाली की पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं. मग खाद्याची वही उघडली. कडू म्हणून उंदीर खातच नव्हते! वजन उतरलं की यकृतातली चरबीही उतरते, त्यात अर्काचं काय कौतुक?

तेव्हापासून औषध नळीने थेट पोटात. खाद्य रोज तोलायचं. आणि एक जादा गट: औषधवाल्यांनी काल जेवढं खाल्लं तेवढंच आज यांना, औषधाऐवजी नुसतं सीएमसीचं पाणी (औषध ज्यात कालवतो ते). तुलनेला व्हिटॅमिन ई घ्या. २०१० च्या पिव्हेन्स या फॅटी लिव्हरच्या रुग्णांवरच्या चाचणीत मधुमेह नसलेल्या रुग्णांना ते ९६ आठवडे रोज ८०० युनिट दिलं, तेव्हा यकृताची सूज कमी झाली, फायब्रोसिस (यकृतातले व्रण) मात्र फारसा हलला नाही.

यकृताचा तुकडा सगळ्यांचा एकाच खंडातून. चरबी लाल दाखवणाऱ्या ऑइल रेड ओ या रंगासाठी गोठवलेलाच हवा, तुकडा पॅराफिन मेणात बसवताना झायलीन चरबी धुऊन नेतं. एमडीए (चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण) मोजायचं असेल तर तुकडा वाटतानाच बीएचटी हे ऑक्सिडेशन रोखणारं रसायन घाला, नाहीतर टेबलावर झालेलं ऑक्सिडेशन मोजत बसाल.

पॅथॉलॉजिस्टकडे स्लाइड फक्त नंबर घालून पाठवा. गुण ० ते ८: जास्तीत जास्त चरबीला ३, सुजेला ३, फुगलेल्या पेशींना २. कुठला नंबर कुठल्या गटाचा ते लिहिलेलं पाकीट माझ्या कपाटात असतं, आणि किल्ली लॅब असिस्टंटकडे. माझा माझ्यावरही भरवसा नाही.