घरच्या आतषबाजीचा विमा

लग्नाला किंवा पन्नासाव्या वाढदिवसाला घरच्या अंगणात आतषबाजी करणार असाल, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. ‘भारत गृह रक्षा’सारखी घराची पॉलिसी आगीत तुमचं घर, तुमचं सामान भरून देते. तुमचा बाण शेजाऱ्याच्या झावळ्यांच्या माटवावर पडला, तर त्याची भरपाई तिच्यात नाही.

त्यासाठी कार्यक्रमाचा विमा घ्या, आणि त्यात त्रयस्थांच्या नुकसानीची जबाबदारी हवीच. एजंटाला सरळ विचारा, ‘फटाके वगळलेत का?’ बऱ्याचदा वगळलेले असतात. नुसत्या तोंडी होकारावर थांबू नका. तारीख, जागा आणि ‘आतषबाजी’ हा शब्द पॉलिसीच्या कागदावर छापून घ्या. दारूकाम बाहेरच्या माणसाकडे असेल, तर त्याच्या परवान्याची आणि विम्याची प्रत मागा. पाहुण्यांपैकीच कुणी बाण लावणार असेल, तर तेही आधीच कळवा.

दावा अडतो तो बहुधा नियम मोडल्यामुळे. रात्री 10 ते सकाळी 6 फटाके वाजवायला बंदी आहे; गोव्यात वरात कितीही उशिरा येवो, आतषबाजी त्याआधीच उरका. पेटवण्यापूर्वी मोकळ्या जागेचे, पाण्याच्या बादल्यांचे फोटो काढून ठेवा.